उद्या मतदान: पंपावरचा भाव, फ्रॅकिंग, टॅरिफ... आणि राष्ट्राध्यक्षाच्या हातात नेमकं काय?

मोनकाठ | सोम, ४ नोव्हेंबर २०२४, दुपारी १:१०

आज संध्याकाळी दोघेही पिट्सबर्गात आहेत. ट्रम्प डाउनटाउनच्या हॉकी अरीनात, हॅरिस रँकिनला कॅरी फर्नेसच्या बंद पडलेल्या भट्ट्यांपाशी. ट्रॅफिकचा बोऱ्या वाजणार हे नक्की, म्हणून दुपारीच घरी येऊन धागा काढतोय. कोण किती टक्क्यांनी पुढे, आयोवाचा परवाचा पोल खरा की खोटा, यासाठी दुसरे धागे दुथडी भरून वाहताहेत. इथे फक्त अर्थकारण आणि ऊर्जा यांवर बोलू या.

राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजातली पेनसिल्वेनियाची १९ मतं दोघांनाही हवी आहेत. २०१६ला ट्रम्प इथे साधारण ४४ हजार मतांनी जिंकले, २०२०ला बायडन ८० हजारांनी. एवढ्याशा फरकापायी गेले दोन महिने आमच्या टीव्हीवर फ्रॅकिंगशिवाय (दाबाने पाणी सोडून खडक फोडून तेल-वायू काढणं) विषय नाही. २०१९ला हॅरिस बंदीच्या बाजूने बोलल्या होत्या, ती क्लिप जेवताना, झोपताना, बातम्यांच्या अध्येमध्ये चालूच. आता त्या म्हणतात, बंदी घालणार नाही. १० सप्टेंबरच्या फिलाडेल्फियाच्या डिबेटमध्ये तर त्यांनी अभिमानाने सांगितलं की २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टला आपलं निर्णायक मत होतं आणि त्यातूनच खोदकामाच्या नव्या भाडेपट्ट्यांची वाट मोकळी झाली. मत का बदललं, याचं पटेल असं उत्तर मात्र मी तरी ऐकलेलं नाही. इथल्या लोकांना तेच खटकतं.

पण समजा बंदी घालायचीच आहे. राष्ट्राध्यक्षाला ती घालता येते का? मार्सेलस शेल या आमच्याकडच्या वायूच्या खडकातल्या बहुतेक विहिरी खासगी जमिनीवर आहेत, काही राज्याच्या जंगलात. केंद्राच्या मालकीची जमीन आणि समुद्र यांतून देशाच्या तेलाचा साधारण चौथा हिस्सा येतो, पण तो न्यू मेक्सिको, वायोमिंग आणि मेक्सिकोच्या आखातातून. खासगी शेतातली विहीर बंद करायला काँग्रेसचा (म्हणजे इथल्या संसदेचा) कायदा लागेल. न्यू यॉर्कमध्ये २०१४ला बंदी आली ती राज्य सरकारने आणली. म्हणजे ज्या प्रश्नावर एवढ्या जाहिराती खपताहेत, त्याची किल्ली व्हाइट हाउसमध्ये नाहीच.

पेट्रोलचंही तेच. जून २०२२ला देशाची सरासरी गॅलनला ५ डॉलरच्या वर गेली होती, आज ३.१०च्या आसपास आहे. दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष एकच. ट्रम्प म्हणतात, वर्षभरात ऊर्जेचे भाव निम्मे करीन. कसे, ते कोणी विचारत नाही.

आणि जिथे राष्ट्राध्यक्षाची एक सही पुरते, तिथे मात्र सामसूम. टॅरिफ (आयात शुल्क), एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) निर्यातीचे परवाने, यूएस स्टील ही इथली पोलाद कंपनी जपानच्या निप्पॉनला विकू द्यायची की नाही. २०१७च्या करसवलतींपैकी घराघराशी संबंध असलेल्या बहुतेक २०२५अखेर संपताहेत, त्यांचं काय होणार यावर आमच्या ऑफिसात की देवळात चकार शब्द नाही. तुमच्याकडे काय चाललंय? मत देताना तुम्ही कशाकडे बघितलंत, की बघणार आहात?

ह्यूस्टनकर | दुपारी १:५५

तेलाच्या धंद्यात केस पांढरे झालेत, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

ट्रम्प यांच्या 'ड्रिल बेबी ड्रिल' (खणत सुटा) घोषणेला आमच्याकडे टाळ्या पडतात. पण बजेटच्या मीटिंगला त्या वाक्यावर कोणी विहिरी मंजूर करत नाही. अमेरिका २०१८पासून जगातला सर्वांत मोठा कच्च्या तेलाचा उत्पादक आहे. २०२३ची सरासरी दिवसाला १ कोटी २९ लाख पिंपं, यंदा ऑगस्टमध्ये १ कोटी ३४ लाख. हा विक्रम बायडन यांच्या काळातला आहे आणि त्यात त्यांचं कर्तृत्व जवळजवळ शून्य, जसं २०१८च्या तेजीत ट्रम्प यांचं नव्हतं. पर्मियन या टेक्सस-न्यू मेक्सिकोच्या तेलक्षेत्रात खणायचं की नाही हे ठरवतो तिथल्या मिडलँडचा ऑपरेटर, त्याचा बँकर आणि त्याचे शेअरहोल्डर. डॅलस फेडच्या (मध्यवर्ती बँक 'फेड'च्या डॅलस शाखेच्या) मार्चमधल्या पाहणीत कंपन्यांनी सांगितलं की नवी विहीर परवडायला पिंपाला सरासरी ६४ डॉलरचा भाव लागतो. आज भाव आहे सत्तरच्या आसपास. तो निम्मा केला तर पस्तीस. पस्तीसला कोण खणणार? एकाच दमात 'जास्त खणा' आणि 'भाव निम्मा' म्हणणाऱ्याने एकदा मिडलँडला चहाला यावं.

लोक ज्या स्वस्त पेट्रोलची आठवण काढून हळहळतात तो काळ एप्रिल २०२०चा. २० एप्रिलला कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरवर बंद झाला होता. त्या महिन्यात ट्रम्प यांनीच सौदी आणि रशियामागे लागून दिवसाला ९७ लाख पिंपांची कपात घडवून आणली. भाव वाढावा म्हणून. आमची इंडस्ट्री त्याने वाचली, मी आभारी आहे. पण ही गोष्ट रॅलीत सांगत नाहीत.

काल रविवारी ओपेक प्लस या तेल निर्यातदार देशांच्या गटाने डिसेंबरपासूनची उत्पादनवाढ महिनाभर पुढे ढकलली. पंपावरच्या भावाला ती बातमी सगळ्या भाषणांहून जास्त महत्त्वाची आहे.

एवढं लिहून आता शिव्या खायची तयारी ठेवतो: मत मी ट्रम्प यांनाच दिलंय. कारण भाव नव्हे, परवाने. जानेवारीत बायडन प्रशासनाने एलएनजी निर्यातीच्या नव्या परवान्यांना स्थगिती दिली. जुलैमध्ये लुईझियानाच्या कोर्टाने ती रोखली, पण सहा महिन्यांत टर्मिनलवाल्यांचे ग्राहक बिचकले ते बिचकलेच. शिवाय मिथेन गळतीवर टनाला ९०० डॉलरचं शुल्क. कायदा काँग्रेसचा असला तरी नियम ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) लिहिते आणि ईपीएवर कोण बसणार ते व्हाइट हाउस ठरवतं. म्हणजे मी मोनकाठ यांच्याच निकषाने मत दिलं, फक्त उत्तर वेगळं आलं.

अटलांटा_माई | दुपारी २:२०

नाना, मिथेनवर थोडं थांबा. गळणारा वायू तुमचाच माल आहे. तो पकडून विकायला लावलं तर एवढं काय दुखतं? मोठ्या कंपन्या तर स्वतःच म्हणतात आम्ही करतोय.

ह्यूस्टनकर | दुपारी २:३१

माई, मोठ्यांना नाही दुखत. दिवसाला पाच-दहा पिंपं देणाऱ्या म्हाताऱ्या विहिरी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना दुखतं. मर्यादेखालच्या छोट्यांना सूट आहे, मान्य. पण मोजमाप, कागद, सल्लागार यांतच माणूस अर्धा होतो.

दुकानदार | दुपारी २:४०

मी तेलाचं नाही, पोह्यांचं बोलतो. न्यू जर्सीत किराण्याची आयात आहे माझी.

टॅरिफ चीन भरेल, भारत भरेल, असं लोकांना वाटतं. कंटेनर न्यूआर्कला लागला की पैसे भरतो मी. एन्ट्री माझा कस्टम्स ब्रोकर फाइल करतो, बॉण्ड माझ्या नावावर, ड्युटी माझ्या खात्यातून. मुंबईचा निर्यातदार एक सेंट भरत नाही. फार तर भावात थोडी सूट देईल, तीही मोठ्या ऑर्डरवाल्याला. हळद, जिरं, मिरी यांवर आज ड्युटी नाहीच. सरसकट १० ते २० टक्के लागलं तर ते माझ्या नफ्यातून जाणार नाही हो, किराण्यात नफाच तेवढा नसतो. ते जाईल शेल्फवरच्या स्टिकरवर.

आणि चकली भाजणी अमेरिकेत बनवायचा कारखाना त्यामुळे निघणार आहे का? कोकम फ्लोरिडात लावणार का कोणी?

ऑक्टोबरच्या पहिल्या तीन दिवसांत बंदरकामगारांचा संप झाला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. दिवाळीचा माल नशिबाने आधी उतरला होता. तो वादही मिटलेला नाही, १५ जानेवारीपर्यंत ढकललाय. नव्या सरकारच्या शपथविधीच्या पाच दिवस आधी. आमच्या धंद्यात जानेवारीकडे सगळ्यांचे डोळे आहेत, उद्याच्या निकालाकडे नाही.

क्लीव्हलँडकर | दुपारी ३:०५

दुकानदार, तुमचं कोकम ठीक. पण मी ओहायोत ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी बघते. इथे मावशीच्या वयाच्या बायका प्रेसवर उभ्या राहून काम करतात. चीनमधून येणारा तोच पार्ट आमच्या कच्च्या मालाच्या किमतीत पडतो. त्यामागे त्यांच्या सरकारची सबसिडी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी टॅरिफ हा शब्द ऐकून नाक मुरडणं कॅलिफोर्नियात शोभतं.

आणि टॅरिफ एवढं वाईट होतं तर बायडन यांनी ट्रम्प यांचे चीनवरचे टॅरिफ काढले का नाहीत? उलट सप्टेंबरअखेरपासून चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के केलंय, सोलर सेलवर ५०. म्हणजे 'टॅरिफ म्हणजे ग्राहकावरचा कर' हे हॅरिस यांचं वाक्य त्यांच्याच सरकारला लागू पडतं. हा दुटप्पीपणा कामगारांना कळतो. त्यांना अडाणी समजू नका.

आकडेमोड | दुपारी ३:३०

क्लीव्हलँडकर ताई, दुटप्पीपणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण विशिष्ट मालावर विशिष्ट कारणासाठी लावलेलं शुल्क आणि मित्र-शत्रू न बघता सगळ्या जगावर लावलेलं शुल्क, हे दोन वेगळे प्राणी आहेत.

२०१८चं वॉशिंग मशीनचं उदाहरण बघा, कारण त्याचा नीट अभ्यास झालाय. टॅरिफ लागलं, मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागली. गंमत म्हणजे ड्रायरवर टॅरिफ नव्हतं, तोही तेवढाच महागला, कारण लोक जोडीने घेतात आणि दुकानदार जोडीने भाव लावतात. कारखाने आले, नाही असं नाही. साउथ कॅरोलायना आणि टेनेसीत सॅमसंग, एलजीची कामं सुरू झाली, साधारण १,८०० नोकऱ्या. ग्राहकांना वर्षाला दीड अब्ज डॉलरचा भुर्दंड. भागाकार करून तिजोरीत आलेलं शुल्क वजा केलं की एका नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर जातं.

तुमच्याच कारखान्यात विचारा, पोलादावरचं २५ टक्के शुल्क २०१८ला लागलं तेव्हा तुमचा कच्चा माल स्वस्त झाला की महाग?

क्लीव्हलँडकर | दुपारी ३:४८

महाग झाला. प्लँट मॅनेजर वर्षभर कुरकुरत होता. पण पलीकडच्या गावातली पोलाद गिरणी चालू राहिली, तिथे माझ्या शेजारणीचा नवरा आहे. तुमच्या भागाकारात तो कुठे बसतो?

आकडेमोड | दुपारी ४:०२

बसतो. आणि त्याच्या घरासाठी तो भागाकार निरर्थक आहे, हेही समजतं. म्हणून तर निवडणुका भागाकारावर लागत नाहीत.

मोनकाठ यांनी विचारलंय म्हणून तिजोरीबद्दल. देशावर ३५ ट्रिलियन डॉलरच्या वर कर्ज आहे. 'कमिटी फॉर अ रिस्पॉन्सिबल फेडरल बजेट'चा गेल्या महिन्याचा अंदाज: हॅरिस यांच्या योजनांनी दहा वर्षांत त्यात साडेतीन ते चार ट्रिलियनची भर, ट्रम्प यांच्या योजनांनी साडेसातच्या वर. ट्रम्प यांच्याकडे टिप्सवर कर नाही (हे हॅरिसही म्हणतात), ओव्हरटाइमवर नाही, सोशल सिक्युरिटीवर नाही. दुसरीकडे हॅरिस यांची नव्या बाळाला ६,००० डॉलरची सवलत, पहिल्या घराला २५,००० डॉलरची मदत. न्यू जर्सीकरांसाठी विशेष: राज्याच्या कराच्या वजावटीवर १०,००० डॉलरची मर्यादा २०१७ला ज्या ट्रम्प यांनी आणली, तेच आता ती काढू म्हणताहेत.

लातूरकर | दुपारी ४:२०

राम राम मंडळी. इकडं रात्र झाली, पण धागा बघून राहवलं नाही. आमच्याकडं बी आज अर्ज माघारीचा शेवटचा दिवस होता, वीस तारखेला मतदान. बहिणींच्या खात्यात दीड हजार आणि तिकडं घराला पंचवीस हजार डॉलर. आकडा तेवढा वेगळा.

टॅरिफचं आम्हाला शिकवू नका, आम्ही ते या दिवाळीत खाल्लंय. सप्टेंबरात सरकारनं खाद्यतेलावरची ड्युटी वाढवली, कच्च्या तेलावर धरून साडेसत्तावीस टक्के. सांगितलं काय, सोयाबीनला भाव येईल. तेलाचा डबा लगेच महागला, घरची म्हणाली चकल्या कमी करू. सोयाबीन काय हललं नाही. हमीभाव ४,८९२, आणि बाजारात त्याच्या खालीच बोली. सरकारी केंद्रावर न्यावं तर १२ टक्क्यांच्या वर ओलावा म्हणून माल परत. सोयाबीनमध्ये तेल थोडं आणि पेंड जास्त. पेंडीला बाहेर गिऱ्हाईक नसलं तर नुसत्या तेलाच्या ड्युटीनं शेतकऱ्याचं काय भलं होणार?

२०१८ला तुमच्या ट्रम्पनं चीनवर शुल्क लावलं, चीननं तुमच्या सोयाबीनवर २५ टक्के लावलं, गिऱ्हाईक ब्राझीलला गेलं. तुमच्या शेतकऱ्याला सरकारनं २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. शिकागोचा भाव पडला की त्याची झळ लातूरच्या अडतीपर्यंत येते, आम्हाला मात्र कोण मदत जाहीर करत नाही. म्हणून तुमच्या निवडणुकीकडं बघावं लागतं.

मोनकाठ | दुपारी ४:३५

लातूरकर, धाग्याचं सोनं केलंत.

तिरकस | दुपारी ४:४१

सगळे एनआरआय पोटभर कमावून इथे अश्रू गाळताहेत. अंडी डझनाला पावणेचार डॉलर झाली त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, कारण मग कमला आजींना राग येईल.

अटलांटा_माई | दुपारी ४:५०

तिरकस, अंडी बर्ड फ्लूने महागली. कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. त्यात कमला काय करणार, ट्रम्प काय करणार?

बाकी किराणा महागलाय हे खरंच आहे आणि ते मुकाट मान्य करावं. महागाईचा दर जून २०२२ला ९.१ टक्के होता, सप्टेंबरमध्ये २.४वर आला. पण दर खाली आला म्हणजे भाव खाली आला असं नाही, हे डेमोक्रॅट्सना दोन वर्षं उमगलंच नाही. 'अर्थव्यवस्था उत्तम आहे' हे बिल भरणाऱ्याला ऐकवत बसले. हॅरिस आता भाव लुबाडणाऱ्यांवर केंद्राचा कायदा आणू म्हणतात. किराण्याच्या दुकानांचे नफे किती तुटपुंजे, ते वर दुकानदारांनी लिहिलंच आहे. मी त्यांची मतदार आहे, पण ही घोषणा मला पटलेली नाही.

माझं मत कशावर गेलं ते सांगते. २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टवर. नाव दिशाभूल करणारं आहे, महागाईशी त्याचा फारसा संबंध नाही. पण आमच्या जॉर्जियात येऊन बघा. डाल्टनला क्यूसेल्सचा सोलर पॅनेलचा कारखाना, सव्हानाजवळ ह्युंदाईचा नवा प्लँट, गेल्याच महिन्यात तिथे गाड्या बाहेर पडायला लागल्या. एकाही रिपब्लिकनने त्या कायद्याला मत दिलं नव्हतं, आणि डाल्टन हे रिपब्लिकन खासदार मार्जरी टेलर ग्रीन यांच्या मतदारसंघात! ट्रम्प म्हणतात, न खर्चलेला सगळा पैसा परत घेईन. त्यांच्याच पक्षाच्या १८ खासदारांनी ऑगस्टमध्ये स्पीकरना पत्र लिहिलं की सरसकट रद्द करू नका. मतदारसंघात फीत कापून झाली की विरोध जरा मऊ होतो.

संपादक | संध्या. ५:०५

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. उमेदवारांच्या दिसण्यावर, वयावर आणि सदस्यांच्या व्हिसावर शेरेबाजी नको.

भाड्याचं_घर | संध्या. ५:२५

व्हिसावरून आठवलं: मला मत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत उभी आहे आणि ती रांग कुठल्याच पक्षाच्या काळात हललेली नाही. कर मात्र भरते.

माझ्यासाठी अर्थकारण म्हणजे घराचं कर्ज. जानेवारी २०२१ला तीस वर्षांच्या कर्जाचा दर २.६५पर्यंत गेला होता, तेव्हा आमच्याकडे डाउन पेमेंट नव्हतं. आता आहे, तर दर पावणेसातच्या घरात. ज्यांनी तेव्हा घेतलं ते घर विकायला तयार नाहीत, कारण तो दर पुन्हा मिळणार नाही. त्यामुळे बाजारात घरंच नाहीत. अशात २५,००० डॉलरची मदत दिली तर विकणारा किंमत २०,०००नी वाढवील असं मला वाटतं. तीस लाख नवी घरं बांधू हे हॅरिस यांचं दुसरं वाक्य जास्त कामाचं आहे, पण झोनिंग गावाच्या हातात असतं. पुन्हा तेच, किल्ली दुसरीकडे.

फेडने सप्टेंबरात अर्धा टक्का दर कमी केला, या आठवड्यात पुन्हा बैठक आहे. ट्रम्प म्हणतात, फेडच्या निर्णयात राष्ट्राध्यक्षाचं मत हवं. तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षाने व्याजदरात हात घातल्यावर काय झालं ते बघितलं तर मला त्याची धडकी भरते.

तिरकस | संध्या. ५:४०

मत नाही तर एवढं लिहिताय कशाला?

भाड्याचं_घर | संध्या. ५:४२

कर भरते म्हणून.

गुहागरी | संध्या. ६:१५

वर एलएनजीच्या परवान्यांचा विषय निघालाय, तर आमच्या अंजनवेलचा उल्लेख झाल्याशिवाय धागा पुरा कसा होणार? तिथे दाभोळचा वीजप्रकल्प उभारणारी एन्रॉन ह्यूस्टनची. आमच्याकडे काय घडलं ते नव्वदच्या दशकातली पेपरं वाचणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. २००१ला वीज बंद पडली, वर्षअखेर कंपनीच बुडाली. पण एलएनजीचं टर्मिनल मागे राहिलं. ३० मार्च २०१८ला लुईझियानाच्या सबीन पासहून गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीच्या दीर्घ कराराचं पहिलं जहाज तिथेच, दाभोळला लागलं. लाटा अडवणारी भिंत अपुरी म्हणून पावसाळ्यात जहाजं येत नसत, हे आपलं खास कोकणी वैशिष्ट्य.

गेलचा दुसरा करार मेरिलँडच्या कोव्ह पॉइंटचा आहे, वर्षाला २३ लाख टन. तिथे वायू येतो तो मुख्यतः मार्सेलसमधला. म्हणजे मोनकाठ, तुमच्या शेजारच्या शेतातला वायू आमच्या देशात खतं आणि सीएनजी होऊन जळतो. जानेवारीतल्या स्थगितीने हे जुने करार अडत नव्हते, फक्त नव्यांची गोष्ट होती. त्यामुळे ह्यूस्टनकर म्हणतात तेवढं आभाळ कोसळलं नव्हतं.

भारताबद्दल म्हणाल तर ट्रम्प यांनी सप्टेंबरात पुन्हा आपल्याला टॅरिफचा मोठा गैरफायदा घेणारा म्हटलंय. जून २०१९ला जीएसपीची (विकसनशील देशांच्या मालाला शुल्कमाफीची) सवलत काढली ती त्यांनीच, आणि बायडन यांनी ती परत दिली नाही. इराणचं तेल मे २०१९पासून बंद करावं लागलं तेही त्यांच्याच निर्बंधांमुळे. रत्नागिरीतल्या माणसाने यांपैकी कोणावर जीव टाकावा?

ह्यूस्टनकर | संध्या. ६:४०

गुहागरी, एन्रॉनच्या काळात मी कॉलेजात होतो, माझ्यावर फोडू नका. :)

जुने करार अडले नाहीत हे बरोबर. पण टर्मिनल उभं राहायला चार-पाच वर्षं लागतात, आणि वीस वर्षांचा ग्राहक आधी सही करतो तेव्हा कुठे बँक पैसे देते. तो ग्राहक कतारला गेला तर परत येत नाही.

मोनकाठ | रात्री ८:३०

खिडकीतून हेलिकॉप्टरचा आवाज येतोय, अजून सभा उरकलेल्या दिसत नाहीत.

शेजारच्या शेताचं म्हणाल तर वॉशिंग्टन काउंटीत माझ्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब आहे. त्यांना राज्याच्या कायद्याने किमान आठवा हिस्सा रॉयल्टी मिळते. २००८च्या सुमाराला चेक मोठे यायचे. यंदा वायूचा भाव एवढा पडला की वसंतात ईक्यूटी या वायू कंपनीने स्वतःहून दिवसाला अब्ज घनफूट उत्पादन कमी केलं. म्हाताऱ्याचा चेक आटला. त्याच्या अंगणात ट्रम्प यांचा बोर्ड आहे. मी त्याला म्हटलं, भाव निम्मे झाले तर तुझा चेक आणखी निम्मा होईल. तो म्हणाला, भाव नाही रे, ही माणसं माझ्या धंद्याला शिव्या तरी देत नाहीत. यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

निप्पॉनचंही तसंच. १४.९ अब्ज डॉलरचा सौदा, दोन्ही उमेदवार विरोधात, युनियनचं वरचं नेतृत्व विरोधात. मॉन व्हॅलीतले काही कामगार मात्र उघड म्हणतात, जुन्या गिरणीत पैसा घालायला जपानी तयार आहेत तर घालू द्या. त्यांच्या बाजूने बोलणारा उमेदवार मतपत्रिकेवर नाही.

ज्याबद्दल आज दोन्ही सभांत बहुधा कोणी बोलणार नाही ते सांगतो. विजेचं बिल. पीजेएम नावाचं आमचं ग्रिड आहे, पेनसिल्वेनिया, न्यू जर्सी, ओहायो, व्हर्जिनिया आणि आणखी बऱ्याच राज्यांचं. जुलैमधल्या लिलावात पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायच्या विजेचा भाव मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२वर गेला. नऊपट. डेटा सेंटर्सची भूक आणि जुने प्लँट बंद होणं, ही दोन मोठी कारणं. म्हणून तर थ्री माइल आयलंडचं २०१९ला बंद केलेलं युनिट मायक्रोसॉफ्टसाठी २०२८पर्यंत पुन्हा चालू करताहेत. (१९७९ला अपघात झाला ते शेजारचं दुसरं युनिट.) आणि गेल्या शुक्रवारी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सस्क्वेहाना अणुप्रकल्पातून ॲमेझॉनच्या डेटा सेंटरला थेट जादा वीज द्यायचा करार दोन विरुद्ध एक मतांनी नाकारला. त्या आयोगाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात. इथे सही चालते.

भाड्याचं_घर | रात्री ८:४४

आम्ही न्यू जर्सीत. हे नऊपट म्हणजे बिल नऊपट??

मोनकाठ | रात्री ८:५२

नाही नाही. राखीव क्षमतेचा खर्च हा बिलाचा एक छोटा भाग असतो. बिल टक्क्यांत वाढेल, पटीत नाही. किती ते तुमच्या पुरवठादारावर अवलंबून.

अटलांटा_माई | रात्री ९:१०

सोलर लावणार असाल तर लक्षात ठेवा: ३० टक्के करसवलत करार केलेल्या वर्षाची नसते, पॅनेल बसवून पूर्ण झालेल्या वर्षाची असते. आणि तेवढा कर तुमच्यावर लागत असेल तरच पूर्ण मिळते, उरलेली पुढच्या वर्षी ओढता येते. आजच्या (२०२४च्या) कायद्याने ती २०३२पर्यंत आहे, पण काँग्रेस आणि व्हाइट हाउस दोन्ही एकाच पक्षाकडे गेले तर मी तरी २०३२ धरून चालणार नाही.

भाड्याचं_घर | रात्री ९:१४

माई, घर भाड्याचं आहे हो. छप्पर मालकाचं.

क्लीव्हलँडकर | रात्री ९:३०

पेनसिल्वेनियाचा निकाल उद्या रात्री लागेल का? सकाळी सातची शिफ्ट आहे, जागायचं की नाही ते ठरवायचंय.

मोनकाठ | रात्री ९:४१

मतदान आठला संपतं. पण टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायला आमच्या कायद्याने मनाई आहे, म्हणून २०२०ला शनिवार उजाडला होता. यंदा टपाली मतं तेव्हापेक्षा कमी आहेत, तरी झोपा.

दुकानदार | रात्री १०:०५

मोनकाठ, दुकानात पाच फ्रीझर चालतात माझे. ते पीजेएमचं वाढीव कधीपासून?

मोनकाठ | रात्री १०:११

१ जून २०२५पासून. बिलावर 'सप्लाय' आणि 'डिलिव्हरी' असे दोन भाग असतात, त्यातलं 'सप्लाय' बघा. व्यापारी जोडणी असेल तर क्षमतेचा आकार बहुतेक वेगळा दाखवलेला असतो, आणि तो गेल्या उन्हाळ्यातल्या सर्वांत जास्त मागणीच्या तासांत तुमची वीज किती होती त्यावरून ठरतो. फ्रीझर बंद करता येणार नाहीत, पण त्या दुपारी एसी थोडा कमी ठेवलात तर पुढच्या वर्षी फरक पडतो.